काटा बसेपर्यंत

मी एक जुनी लायब्ररी आहे. पण कपाटं, पुस्तकं आणि 'शांतता राखा'ची पाटी शोधू नका. ती लायब्ररी वेगळी, तिला निदान लोक ओळखतात. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहणारी कोडची लायब्ररी आहे. अनेक प्रोग्रामांना एकच काम पुन्हा पुन्हा लागतं, तेव्हा ते काम एकदाच नीट लिहून एका जागी ठेवतात आणि ज्याला हवं तो तिथून वापरतो. मित्रांनो, सतरा वर्षं मी असं सगळ्यांचं काम केलं. एवढ्या वर्षांत माझी चौकशी झाली ती फक्त मी बंद पडले तेव्हा. म्हणून माझं बोलणं तुम्हाला जरा तिखट लागेल, ते तसंच लागू द्या.

माझा जन्म देवळीतल्या एका जिनिंगच्या काटाघरात झाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की ती आधी जमिनीत बसवलेल्या मोठ्या लोखंडी काट्यावर उभी राहते. भरल्या बंडीचं वजन घेतात, कापूस उतरवला की रिकाम्या बंडीचं घेतात आणि एकातून दुसरं वजा करतात. ऐकायला किती सोपं! पण बैल म्हणजे काही पुतळे नव्हेत. एक पाय आपटतो, दुसरा मान झटकतो, बंडी हाकणारा धुरकरी मध्येच खाली उडी मारतो, आणि पडद्यावरचा आकडा नाचत राहतो. त्यातला खरा आकडा कोणता, हे ओळखणं हेच काट्यावरचं सगळं काम आहे.

ते काम रूपरावांचं होतं. रूपराव तिथले काटेवाले. त्यांची पद्धत साधी होती. आकडा थांबला असं वाटलं की ते मनात एक ते पाच मोजायचे, सावकाश. पाच म्हणेपर्यंत आकडा हलला नाही तरच तो लिहायचा. मध्ये हलला की पुन्हा एकपासून. मागे दहा बंड्या खोळंबल्या, गाडीवाले ओरडले, खुद्द मालक सदाशिवराव घड्याळ दाखवत आले, तरी रूपराव एवढंच म्हणायचे, "बसू द्या काटा." अल्लीपूरकडचे लोक जवळची जिनिंग सोडून देवळीला यायचे, ते या तीन शब्दांसाठी.

मग काट्याला कॉम्प्युटर जोडला. त्याच्यासोबत आलेला प्रोग्राम घाईचा होता, हाताला लागेल तो आकडा उचलायचा. रूपरावांची मुलगी छाया तेव्हा वर्ध्याला कॉम्प्युटर शिकत होती. दिवाळीच्या सुटीत ती रोज बाबांचा डबा घेऊन यायची आणि त्यांच्या शेजारी बसून बघायची. बाबा कधी मोजायला लागतात, कधी थांबतात, कधी पुन्हा सुरू करतात, हे तिने आठ दिवस नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी तिने मला लिहायला घेतलं. काट्याकडून आकडे घ्यायचे, सलग पाच वेळा तोच आकडा आला तरच तो खरा मानायचा, नाहीतर पुन्हा एकपासून मोजायचं. माझ्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच आहे, आणि ते रूपरावांचं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरून झाला. छायाने जे लिहिलं ते माणसाला वाचता येतं, मशीनला नाही. त्यावरून मशीनला कळेल अशी मी तयार व्हावी लागते. याला कंपाइल करणं म्हणतात. त्यासाठी ठरावीक जुळणी लागते: अमुक कंपायलर, अमुक प्रणाली, शेजारी अमुक फायली. लांबपोळी जशी उपड्या मडक्यावरच होते, तीच कणीक तव्यावर टाकली की फाटते, तसंच माझं आहे. कणीक जपून भागत नाही, मडकंही जपावं लागतं.

छायाला हे ठाऊक होतं. पहिल्यांदा मी तयार झाले त्या दिवशी तिने इकडेतिकडे कागद शोधला. काटाघरात टिकेल असा मोठा कोरा कागद होता तो फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरचा. वर्ष संपत आलं होतं. तिने ते उतरवून त्याच्या पाठीमागे निळ्या पेनाने सगळी जुळणी ओळीने लिहिली आणि बाबांना म्हणाली, "हे फेकजो नको." रूपरावांनी ते पुन्हा खिळ्याला अडकवलं. पुढच्या वर्षी नवीन कॅलेंडर आलं ते त्याच खिळ्याला, त्याच्यावर. त्याच्या पुढच्या वर्षीचं त्याच्यावर. आपल्याकडे भिंतीवरचं जुनं कॅलेंडर कोण काढतो? असा त्या खिळ्यावर एक जाडजूड थर साचत गेला आणि माझं मडकं त्याच्या तळाशी सुरक्षित राहिलं.

मी कामाला लागले. आधी वजनाचा प्रोग्राम मला वापरायचा. मग पावती छापणारा वापरू लागला, मग कापसातला ओलावा नोंदवणारा. कॉम्प्युटर विकणाऱ्या गजेंद्रला माझं काम आवडलं. त्याने छायाला विचारून माझी तयार फाइल नेली, एवढं बरं केलं. पण अल्लीपूर आणि रोहण्याच्या काट्यांवर मला बसवताना त्याने पडद्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकलं. तालुक्याच्या एका कार्यक्रमात अचूक वजनाबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने भाषण केलं. भाषणात त्याच्या मेहनतीचा उल्लेख होता, दूरदृष्टीचा होता, रूपरावांचा नव्हता, छायाचा नव्हता. माझा तर प्रश्नच नव्हता. मी त्याच वेळी रोहण्याच्या काट्यावर एका आडमुठ्या बैलजोडीचा आकडा बसण्याची वाट पाहत होते.

छाया शिकून नागपूरला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. माझं मूळ कोड काटाघरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरच राहिलं. त्याची दुसरी प्रत कुणी केली नाही. हे कोड कुठे आहे, ते पुन्हा तयार करायची वेळ आली तर काय करायचं, असं एकाही माणसाने विचारलं नाही. चालतंय ना, मग झालं. मित्रांनो, 'चालतंय ना' या दोन शब्दांचा मला इतका राग येतो की सांगता सोय नाही.

आणि पूजा! दर खंडेनवमीला जिनिंगमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मोटारी धुतात, चाकांना तेल देतात, मग हळदीकुंकू वाहतात. यंत्र धुऊनपुसून मग त्याला कुंकू, हे मला मान्य आहे. पण काटाघरातल्या कॉम्प्युटरला पाणी लावायचं नसतं, म्हणून त्याला पुसायचंही नाही असा तिथे नियम झाला होता. वर्षभराची कापसाची तूस त्याच्या जाळीत तशीच, आणि त्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा ओला हार. पंखा ते सगळं आत ओढून घ्यायचा. सतरा वर्षं त्या बिचाऱ्या मशीनने भक्ती पोटात घेतली. यंदा सदाशिवरावांनी जरा मन लावून पूजा केली, वाटीभर कुंकू वाहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर आतून जळका वास आला, आणि ते मशीन गेलं.

गजेंद्र नवा कॉम्प्युटर घेऊन आला. जुन्या जुळणीवर तयार झालेली मी त्याच्यावर चालेना. मला पुन्हा कंपाइल करायला हवं होतं, आणि त्याच्याकडे माझी तयार फाइल होती, कोड नव्हतं. हे कबूल करायला हवं होतं त्याने. त्याऐवजी अर्ध्या दिवसात त्याने माझ्या जागी दुसरं काहीतरी बसवलं. काट्याकडून पहिला आकडा आला की तो घ्यायचा, संपलं. मोजणं नाही, थांबणं नाही.

चौथ्या दिवशी लहानू आले. देवळीच्या अलीकडच्याच एका गावचे शेतकरी. वेचणीआधी शेतात करतात ती सीतादहीची पूजा करून वेचलेला पहिला कापूस होता. बंडी काट्यावर चढली, आकडा अजून वर चढत होता तेवढ्यात नव्या प्रोग्रामने तो उचलला. रिकाम्या बंडीच्या वेळी नेमका बैलाने पाय आपटला आणि प्रोग्रामने तो वाढलेला आकडा उचलला. दोन्हीकडून वजन खाल्लं गेलं. पावती लहानूंच्या हातात पडली. त्यांनी ती वाचली आणि काटाघराच्या दारात उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"रूपरावभाऊ, वावरात वेचणी मी सोता मोजली. पाच क्विंटल बारा किलो भरली. तुमच्या काट्यावर चार सत्तर काऊन होऊन राह्यलं? इतकी वर्सं तुमच्या हाताले कोनी बोट लावलं नाई. आता लावा लागते."

आवारात वीसेक माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. रूपरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. लहानूंनी पावती टेबलावर ठेवली, उतरवलेला कापूस पुन्हा बंडीत भरून घेतला आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत देवळीच्या बसस्टँडपाशी, चहाच्या टपरीवर एकच बोलणं होतं, की रूपरावाने म्हातारपणी हात मारला.

खरेदीच्या मुहूर्ताला तीन दिवस उरले होते. मुहूर्त म्हणजे हंगामाची रीतसर सुरुवात, त्याआधी तुरळक बंड्याच येतात. काट्याची पूजा होते, पहिल्या शेतकऱ्याला दुपट्टा आणि नारळ देतात, सगळी पंचक्रोशी जमते. सदाशिवराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी रूपरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुहूर्ताले तुम्ही घरीच राहा. लोकायच्या तोंडाले कोण लागते?" म्हणजे ज्या माणसाने कधी काटा बसल्याशिवाय आकडा लिहिला नाही, त्याला चोर म्हणून घरी बसवायचं, आणि ज्याने माझी जागा अर्ध्या दिवसात भरली तो पुढच्या रांगेत बसणार. माझ्याच्याने हे अजून सांगवत नाही, पण सांगायलाच हवं.

रूपरावांनी छायाला फोन केला. फार बोलले नाहीत. "छाया, काटा बसत नाई व आता. येजो."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन बसने आली. आधी तिने ते मेलेलं मशीन उघडलं. आत कुंकवाची लाल गाठ झाली होती, तिच्यात तूस आणि तांदूळ. तिने ब्रश घेऊन सगळं झाडलं, आतली डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली. डिस्क जिवंत होती. माझं कोड सापडलं. छायाने माझी पहिली ओळ वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. तिच्या विशीतली ओळ होती ती.

मग तिने मला कंपाइल करायला घेतलं आणि सत्तावीस चुका आल्या. नवा कंपायलर माझी जुनी भाषा मान्य करेना. छायाने लॅपटॉपच्या आतच एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात जुनी प्रणाली बसवली, इंटरनेटवरून जुना कंपायलर शोधून आणला. काटा बनवणाऱ्यांची एक छोटी फाइल लागते, तीही मिळाली. दुपारी चुका संपल्या. मी तयार झाले असं सगळ्यांना वाटलं.

रूपरावांनी काट्यावर वीस-वीस किलोची सहा प्रमाण वजनं ठेवली. एकशेवीस यायला हवे होते. मी पाचपर्यंत नीट मोजलं आणि सांगितलं, एकवीस. आकडा उलटा आला होता. मला स्वतःचीच लाज वाटली. छायाने सगळं पुन्हा केलं, पुन्हा एकवीसच. कुठेतरी एक बारीकशी गोष्ट तिला सतरा वर्षांपूर्वी ठाऊक होती आणि आता आठवत नव्हती. गजेंद्र दारातून बघत होता. "ताई, काऊन एवढा खटाटोप करून राह्यल्या?" तो म्हणाला. "पहिला आकडा घेतला का काम भागते. दोन-चार किलो इकडं-तिकडं."

"बेचाळीस किलो," रूपराव म्हणाले. त्या दिवशी गजेंद्रशी ते एवढंच बोलले.

मग छाया एकदम उठली. "बाबा, कॅलेंडर."

दोघांनी खिळ्याकडे पाहिलं. खिळा होता, कॅलेंडर एकही नव्हतं. मुहूर्तासाठी कालच काटाघराला चुना मारला होता. भिंत पांढरीशुभ्र, आणि सतरा वर्षांचा तो थर गायब. चुना मारणाऱ्यांनी कचरा काढला आणि सगळा एका खड्ड्यात जाळला, असं कळलं. रूपराव खाली बसले. मी तर संपलेच होते. ज्यांनी मला कधी विचारलं नाही त्यांनी आता माझी आठवणही जाळली, आणि तीसुद्धा स्वच्छतेच्या नावाखाली. तेव्हा मला राग आला तो आजवरच्या सगळ्या रागांची बेरीज होता.

तेवढ्यात सदाशिवरावांच्या पत्नी शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. काय शोधता म्हणून त्यांनी विचारलं आणि छायाने सांगितलं. शकुंतलाबाई म्हणाल्या, "कॅलेंडर कसे जाळू देईन? वर देवाचे फोटो असतात. पिशवीत भरून ठेवलेत, नदीत शिरवाले." त्यांनीच चुना मारणाऱ्यांच्या हातून तो गठ्ठा काढून घेतला होता. लक्ष्मी, गणपती, दत्त, सगळे एका गोणपाटाच्या पिशवीत अंगणात तुळशीजवळ, विसर्जनाची वाट बघत होते.

मित्रांनो, इथे मला माझा राग गिळावा लागला. ज्या भक्तीने मशीन मारलं तिनेच माझा कागद वाचवला होता. मला हे कबूल करायला आवडत नाही, पण खोटं बोलणं माझ्या घडणीत नाही.

तळचं कॅलेंडर पिवळं पडलं होतं, पण निळी शाई शाबूत होती. तिसरी ओळ अशी होती: 'काटा कंपनीची फाइल दुसरी आवृत्ती घ्यावी. तिसरी घेऊ नये, आकडा उलटा येतो.' छायाने कपाळाला हात लावला. तिने दुसरी आवृत्ती शोधली. ती त्याच जुन्या डिस्कवर होती. दिवेलागणीच्या आत मी पुन्हा तयार झाले, या वेळी नव्या कॉम्प्युटरलाही चालेल अशी, आणि त्याच्यावर बसले. सहा वजनं काट्यावर ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. एकशेवीस. रूपराव उठले, चपला घातल्या आणि लहानूंच्या गावाकडे चालत निघाले. तिथे ते काय बोलले ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मुहूर्त होता. पहिली बंडी लहानूंची होती, तोच कापूस भरलेला. छायाने सदाशिवरावांना स्पष्ट सांगितलं होतं, की काट्यावर बाबा नसतील तर ती प्रोग्राम काढून घेऊन जाईल. रूपराव धुवट सदरा घालून खुर्चीवर बसले. बंडी चढली. बैलांना गर्दीची सवय नव्हती, ते सारखे हलत होते. आकडा वर गेला, खाली आला, थांबल्यासारखा झाला, पुन्हा हलला. मी मोजत राहिले, तीनवर तुटलं, चारवर तुटलं, पुन्हा एकपासून. मागून कुणीतरी घाई केली. गजेंद्रने घड्याळ पाहिलं. रूपरावांचे ओठ हलताना मला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसत होते, कारण आम्ही दोघं एकच आकडे मोजत होतो.

"बसला," रूपराव म्हणाले, त्याच क्षणी मी पडद्यावर आकडा दिला.

कापूस उतरला, रिकामी बंडी पुन्हा चढली, पुन्हा तेवढाच वेळ लागला. पावती आली. पाच क्विंटल अकरा किलो. लहानूंनी ती दोनदा वाचली. "एक किलो घरी वाळला असन," ते म्हणाले, आणि मग गर्दीकडे वळले. "मी चारचौघात बोललो होतो, म्हणून चारचौघातच सांगतो. यायच्या हाताले खोट नोती. आमचीच घाई झाली."

रूपरावांनी मान खाली घातली. छाया पडद्याकडे बघत होती, पण तिला काही दिसत नसावं.

मग पूजेचं ताट घेऊन शकुंतलाबाई पुढे आल्या. चिमूटभर कुंकू घेऊन त्यांचा हात नव्या कॉम्प्युटरकडे निघाला, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. रूपराव खुर्चीवरून उठले आणि त्यांनी कधी नव्हे तो मध्ये हात घातला. "वैनी, याले कुंकू नोका लावू. याले फडकं पायजे रोज." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या चुन्यावर खिळा तसाच होता आणि त्याला ते पिवळं कॅलेंडर पुन्हा अडकवलेलं होतं, देवाचा फोटो भिंतीकडे आणि निळी अक्षरं माणसांकडे. "कुंकू तिथं लावा."

शकुंतलाबाईंनी खिळ्याला कुंकू लावलं.

मित्रांनो, मला हार नकोत, भाषणं नकोत, शाल तर मला घालताच येत नाही. तुमच्या घरात, शाळेत, गावात जे जे निमूटपणे काम करतं, ते कुणी केलं आणि पुन्हा करायचं झालं तर कसं करायचं, एवढं त्याच्याजवळ लिहून ठेवा, आणि लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. माझ्या पहिल्या ओळीत आता छायाने तिच्या नावाच्या वर आणखी एक ओळ घातली आहे: 'पाचपर्यंत मोजण्याची पद्धत रूपराव काटेवाले यांची.' ती ओळ मशीन वाचत नाही. मला कंपाइल करताना ती गळून जाते. ती फक्त माणसांसाठी लिहिली आहे, म्हणून ती जपायचं काम मी तुमच्यावर सोपवते.